जिल्हा उदगीर, मुक्काम लुंबिनी

संपादकांचा निरोप आला तेव्हा त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "भाऊ, टूरमधल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हसू द्या." गमतींना काही तोटा नाही. वीस वर्षं माणसं बसमध्ये घालून परमुलखात नेली आणि परत आणली. आठ पानं लिहिलीही. मग वाचून पाहिली आणि बाजूला ठेवली. ज्या एका गोष्टीमुळं मी हा धंदा बंद केला, ती सोडून बाकी सगळं त्या आठ पानांत होतं.

उदगीरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान होतं. एक टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीवर भारताचा नकाशा. त्या नकाशावर लाल पेनानं एकच रेघ ओढलेली: बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि शेवटी लुंबिनी. बारा दिवसांची यात्रा. जळकोट, चाकूर, उदगीर, इकडं नांदेडपर्यंतच्या आमच्या बौद्ध वस्त्यांमधून माणसं यायची. निवृत्त शिक्षक, दवाखान्यातल्या नर्सबाई आणि वर्षभर दुसऱ्याच्या शेतात खुरपं चालवून यात्रेसाठी चार पैसे मागं टाकणाऱ्या बाया. बस, आचारी, ज्वारीच्या पिठाची पोती आणि तवा सोबत असायचा. आठ दिवस मैद्याच्या रोट्या खाल्ल्या की आमचा माणूस भगवान बुद्धासमोरसुद्धा चिडलेला उभा राहतो.

लुंबिनी नेपाळात. म्हणजे परदेश. हीच माझ्या टूरची खरी ओढ. तिथं जायला व्हिसा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. मजुरी करणाऱ्या माणसाला झेपणारा हा एकच परदेश. गावोगाव बॅनर लागायचे, 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. मग सरहद्दीवरची सोनौलीची कमान ओलांडली की हमखास कुणीतरी विचारायचं, "भाऊ, हाच का परदेश?"

"हाच."

"हितं तर आपल्यासारखीच धूळ हाय की."

"धूळ परदेशी आहे, मावशी. जपून घ्या."

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी मला वाटलं, आता कोण येतंय यात्रेला. दोन बस भरल्या. शेतात काम नाही, विहिरीत पाणी नाही, मग घरी बसून काय करायचं, असा हिशेब. कुशीनगरच्या धर्मशाळेत चाकूरच्या एका बाईनं नळ सोडला, धार बघितली आणि आधी अंघोळ न करता बाकीच्या बायांना बोलवायला गेली. सगळ्या येऊन नळाकडं बघत उभ्या. हसलो तेव्हा. आता हसू येत नाही.

माझ्या कामाच्या दोन पद्धती सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. गयेला एकदा एका म्हाताऱ्याचं ओळखपत्र हरवलं आणि तो तीन दिवस रडत होता. तेव्हापासून बस सुटायच्या आधी मी सगळ्यांची मूळ ओळखपत्रं गोळा करून एका खाकी पिशवीत ठेवायचो. बसची कागदपत्रंही त्याच पिशवीत. पिशवी कायम माझ्या खांद्याला. ओळखपत्राच्या बदल्यात प्रत्येकाच्या गळ्यात मी टूरचं कार्ड घालायचो. प्लास्टिक चढवलेलं, त्यावर नाव, गाव, तालुका, जिल्हा.

आणि तिथं जिल्हा छापला होता उदगीर.

आमच्याकडं तेव्हा जो तो म्हणायचा, उदगीर जिल्हा होणार. सव्वीस जानेवारीला होणार, नाही झाला तर पंधरा ऑगस्टला. मोर्चे निघायचे, बंद पाळले जायचे. मी उत्साहानं दुकानाच्या पाटीवर आधीच 'जि. उदगीर' रंगवून घेतलं आणि हजार कार्डंही तशीच छापली. आमचे ड्रायव्हर रशीदभाई कार्ड उलटंपालटं करून म्हणाले, "शादी तय नै हुई, और बच्चे का नाम रखको बैठे तुम."

"होईल की जिल्हा. मग काय परत छापू?"

"तुम्हारी मर्जी. पर बच्चे का बाप तो लातूरच है अभी."

मोठा विनोद झाला दुकानात. पुढं वर्षभर गिऱ्हाईक आलं की मीच तो सांगायचो.

मग त्या आजाराच्या बातम्या सुरू झाल्या. आधी चीनच्या, मग इटलीच्या. नांदेडला आणि लातूरला माझ्या ओळखीचे दोघंतिघं होते, दुबई-सिंगापूरच्या सहली नेणारे, मक्केला उमराहसाठी माणसं पाठवणारे. एकेका देशानं दार लावून घेतलं, व्हिसे रद्द झाले, विमानं थांबली आणि त्यांच्या दुकानांची शटरं खाली आली. खरं सांगायचं तर मला मनातून थोडं बरं वाटलं. ही सुटाबुटातली मंडळी मला कधी धंद्यातला माणूस धरत नसत. यात्रेला जाणारे फोन करून विचारायचे, "भाऊ, जावं का न्हाई?" मी म्हणायचो, "आजार विमानानं येतो, आपण बसनं जातो." माणसं हसायची आणि फोन ठेवायची. मला वाटायचं, आपल्या सरहद्दीला व्हिसाच नाही, तर बंद काय करणार? ती तर नुसती एक कमान आहे.

अनुसयाताई त्याच दिवसांत निघालेल्या टूरला होत्या. जळकोट तालुक्यातलं गाव, साठीची बाई, रोजंदारीनं राबलेली. त्यांचे यजमान किसनराव लकव्यानं दोन वर्षं बाजेवर. दोघांचं मिळून लुंबिनीला जायचं ठरलेलं होतं, ते राहून गेलं. आता म्हाताऱ्यानंच हट्ट धरला की निदान तू तरी बघून ये. बारा दिवस त्यांना सांभाळायला लेक सुनंदा सासरहून आली होती. मी ओळखपत्र घ्यायला घरी गेलो, तेव्हा किसनरावांनी बाजेवरूनच मला जवळ बोलावलं. जीभ जड झाली होती, पण डोकं तल्लख.

"बारा दिवस म्हंजी बाराच का? का टूरवाल्याचे बारा?"

"बाराच, दाजी."

"मंग जाऊ दे तिला. बारा दिवस म्या मरत न्हाई. तेराव्याचं काय सांगता येत न्हाई."

सुनंदा ओरडली, "बाबा, काय बोलायलात?" अनुसयाताई तोंडाला पदर लावून हसल्या. आणि मी, कुणी मागितलेलं नसताना, म्हणालो, "बाराव्या दिवशी दारात आणून सोडतो."

बसमध्ये त्या पुढून तिसऱ्या सीटवर होत्या. कुणी बाटलीतलं उरलेलं पाणी खिडकीबाहेर ओतलं की ताई मागं वळून ओरडायच्या, "आगं, येडी झालीस का? लातूरला रेल्वेनं आलं व्हतं पाणी, इसरलीस?" बसनं त्यांचं नाव पाणीवाली मावशी ठेवलं. उतरताना सगळ्यांच्या बाटल्यांतलं उरलंसुरलं पाणी आपल्या बाटलीत गोळा करून एखाद्या झाडाला घालायच्या, किंवा तसंच जवळ ठेवायच्या.

आठव्या दिवशी सोनौलीला पोचलो. गेटवरच्या एका जवानानं हटकलं, "अभी मत जाओ, कभी भी बंद हो सकता है." मी त्यालाही तेच ऐकवलं, बीमारी हवाई जहाज से आती है. बस आणि रशीदभाई अलीकडं ठेवले, आचाऱ्यालाही तिथंच ठेवलं. पलीकडच्या दोन गाड्या करून आमची चौतीस माणसं लुंबिनीला नेली. त्या संध्याकाळी अनुसयाताईंनी जन्मस्थळाच्या बाहेरची चिमूटभर माती रुमालाच्या टोकाला बांधली. गाठ मला दाखवून म्हणाल्या, "भाऊ, ही दाजीच्या कपाळाला लावायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी रशीदभाईंचा फोन आला. पोलीस सगळ्या गाड्या हलवायला लावतायत, कागद मागतायत, ताबडतोब या. कागद पिशवीत, पिशवी माझ्या खांद्याला. मी गायकवाड गुरुजींना, म्हणजे आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापकांना म्हणालो, "दुपारच्या जेवणाला येतो." आणि निघालो.

बस हलवली. कागद दाखवले. मग त्या कालच्याच जवानानं मला ओळखलं. मला वाटलं, टोमणा मारील. पण तो चांगला माणूस होता. म्हणाला, "आप के लोग उधर हैं ना? आधे घंटे में बंद होगा. जाना है तो अभी जाओ. पर फिर इधर नहीं आ पाओगे."

आता नीट लिहितो.

गेट माझ्यापासून दोनशे पावलांवर होतं. अर्धा तास होता. लुंबिनी तिथून गाडीनं तासाभराची वाट, म्हणजे माणसं घेऊन परत येणं शक्य नव्हतं, हे खरं आहे. गेलो असतो तर मीही अडकलो असतो, हेही खरं आहे. पण पिशवी त्यांच्याजवळ गेली असती. माझ्यासमोर एक गुजराती टूरवाला, वजनदार माणूस, धोतर सावरत गेटकडं पळत गेला आणि पलीकडं दिसेनासा झाला. मी टपरीच्या बाकड्यावर बसलो. चहा सांगितला. मला शुगर आहे, गोळ्या दहा दिवसांच्याच आहेत, असा विचार केला. अलीकडं राहिलो तर बाहेरून हालचाल करता येईल, असाही केला. हे सगळे विचार मी चहा पिताना केले. खरा विचार एकच होता, की त्या आजारात, त्या मुलखात मला मरायचं नव्हतं.

गेटवरचा बांबू आडवा पडलेला मी बघितला. त्यावर जवानांनी साखळी घातली.

आणि मग मी पळालो. साखळी घातल्यावर. पिशवी छातीशी धरून पळालो, गेट धरून हलवलं, "मेरे लोग हैं उधर, मेरे चौंतीस लोग हैं," असं ओरडलो. आवाज ऐकून रशीदभाई आणि आचारी बसमधून धावत आले. त्यांनी मला खांद्याला धरून मागं ओढलं. तो जवान माझ्याकडं नुसता बघत होता. त्याची नजर मी अजून विसरलो नाही.

दोनच दिवसांत आपल्याकडंही सगळं बंद झालं. आम्हा तिघांना तिथल्याच एका शाळेत ठेवलं. पलीकडची चौतीस माणसं लुंबिनीच्या धर्मशाळेतच अडकली. त्यांचे फोन तिकडं लागत नव्हते. धर्मशाळेच्या वाढप्याच्या फोनवर दिवसाआड बोलणं व्हायचं. चार लाखांचा परदेश दौरा करणारेही अडकले होते आणि आमच्या खुरपणाऱ्या बायाही. सरहद्दीनं त्यात फरक केला नाही. पण त्यांच्या खिशात पासपोर्ट होते. आमच्यांच्या गळ्यात माझं कार्ड होतं.

अनुसयाताई फोनवर आल्या की आधी माझीच चौकशी. "भाऊ, तुमच्या गोळ्या हायत का? दाजीला सांगा, म्या बरी हाय. बारा दिस टळले म्हनावं, पर म्या येतेच हाय." मी सुनंदाला फोन करून तसं सांगायचो. सुनंदा म्हणायची, "मामा, बाबा रोज दाराकडं तोंड करून निजतेत. आई कवा येती?" मी म्हणायचो, आठ दिवसांत. असे आठ-आठ दिवस मी सहा वेळा सांगितले.

मग कळलं की अडकलेल्या लोकांना सरकार परत आणणार आहे. याद्या करायचं काम सुरू झालं. धर्मशाळेत यादीसाठी एक सरकारी कर्मचारी येऊन गेला. बाकी कागद नव्हतेच, त्यानं प्रत्येकाच्या गळ्यातलं कार्ड बघून पत्ता लिहून घेतला. पहिली तुकडी निघाली त्या दिवशी गुरुजींचा फोन आला.

"भाऊ, आपल्यातलं एकही नाव पुकारलं न्हाई."

"का?"

"ते म्हणतेत, उदगीर नावाचा जिल्हाच न्हाई महाराष्ट्रात. यादी कुठं पाठवावी त्यांना कळंना. माघारी आली."

ते पुढं बोलत होते आणि मला दुकानातलं हसणं ऐकू येत होतं. बच्चे का बाप तो लातूरच है.

तुम्ही म्हणाल, ओळखपत्रांचे फोटो काढून आधीच का नाही पाठवले? पाठवले, पण यादी परत आल्यावर. त्याआधी पावणेदोन महिने ती पिशवी शाळेच्या वर्गात माझ्या उशाला होती आणि तिची चेन उघडायचं माझ्याच्यानं झालं नव्हतं. उघडली की चौतीस तोंडं वर बघणार. त्यापेक्षा बंद ठेवलेली बरी वाटली.

फोटो गेले, जिल्हा लातूर झाला, नवी यादी लागली. यात नऊ दिवस गेले. नऊमधल्या पाचव्या दिवशी सकाळी सुनंदाचा फोन आला. धर्मशाळेचा फोन लागत नव्हता म्हणून तिनं मला केला. "मामा, बाबा गेले. आईला सांगा."

मी आईला सांगितलं नाही. दुपारी फोन लागला तेव्हा गुरुजींना सांगितलं आणि म्हणालो, तुम्ही समजावून सांगा, तुम्ही शिक्षक आहात. संध्याकाळी ताईंनीच फोन केला. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "बारा दिस म्हनले व्हते. दोन महिने तग धरला की मानसानं. अजून किती धरावा?" मग म्हणाल्या, "तुमी रडू नका, भाऊ. तुमी तर गेटपर्यंत पळत आला व्हता. रशीदभाईनं गुरुजीला सांगितलं समदं."

पहिल्या तुकडीत नाव असतं तर त्या किसनराव जिवंत असताना घरी पोचल्या असत्या. इतकं सरळ आहे ते.

त्यांना घेऊन उदगीरला आलो तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता, जलदान विधीही चार माणसांत उरकला होता. पिशवीतून त्यांचं ओळखपत्र काढून हातात दिलं. त्यांनी ते न बघता पदराला खोचलं. रुमालाची गाठ तशीच होती.

वर्षानं किसनरावांच्या पुण्यानुमोदनाला त्यांनी मला आग्रहानं बोलावलं. वंदना झाली, खीर वाढली गेली आणि ताईंनी मला चारचौघांत उभं केलं. "ह्यो माझा भाऊ. आमच्यासाठी सरकारचं गेट हालवलं यानं." रशीदभाई शेजारीच होते. म्हणाले, "हौ, मैं आँखों से देखा. पागल के माफिक चिल्लाये भाऊ." सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला. त्या दिवाळीला ताईंनी मला ओवाळलंही. ताट समोर होतं आणि मी त्यातल्या अंगठीवरची हळद बघत बसलो होतो.

दुकान मी त्याच साली बंद केलं. लोकांना सांगितलं, तब्येत बरी नसते. पाटी अजून घराच्या गच्चीवर आहे. जिल्हा, हे लिहीपर्यंत तरी, झालेला नाही.

इथवर लिहिलं आणि वाटलं, हे छापून येण्याआधी त्यांनी ऐकायला हवं. ताईंना वाचता येत नाही. गेल्या आठवड्यात जळकोटची एसटी धरली. सुनंदा माहेरीच होती. ताईंनी पायरीवरच पाण्याचा तांब्या पुढं केला, आमच्याकडं आल्यागेल्याला आधी पाणी. मी तो शेजारी ठेवला आणि म्हणालो, "ताई, आधी एक ऐका." आणि कागद काढून वाचलं, पहिल्या ओळीपासून. रशीदभाईंच्या विनोदाला त्या हसल्या. किसनरावांचं बोलणं आलं तेव्हा त्यांनी बाजेकडं बघितलं. बाज आता उभी करून भिंतीला टेकवली आहे. मग चहाची टपरी आली. मी वर न बघता वाचत गेलो. शेवटपर्यंत वाचलं.

सुनंदा आत निघून गेली.

"अर्धा तास व्हता?" ताईंनी विचारलं.

"हाव."

"चालत किती येळ लागला असता?"

"तीन-चार मिनिटं."

त्यांनी मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. म्हणाल्या, "छापा. माझं नाव बदलू नका."

मग त्या उठल्या. माझ्या शेजारचा तांब्या तसाच काठोकाठ भरलेला होता. वाचायच्या नादात मी त्याला हात लावला नव्हता. मी हात पुढं केला. त्यांनी त्याआधीच तांब्या उचलला, आत नेला आणि एक थेंब न सांडता पाणी परत रांजणात ओतलं.